फ्रान्त्स मार्कचा वाघ (१९१२): तुम्हाला आठवणारा वाघ कुठल्या रंगाचा?

वैनगंगा
गेल्या महिन्यात आईबाबा आमच्याकडे म्युनिकला आले होते. बाबांची सगळी नोकरी वनखात्यात गेली, चंद्रपूर जिल्ह्यात, आणि त्यातली बरीच वर्षं ताडोबाच्या आजूबाजूच्या बीटांवर, म्हणजे वनरक्षकांच्या गस्तीच्या हद्दींत. शहर बघायचं म्हटलं की ते लवकर कंटाळतात. एक दिवस पाऊस थांबेना, म्हणून त्यांना लेनबाखहाउस या चित्रसंग्रहालयात घेऊन गेले. 'ब्लाउअर राइटर' म्हणजे निळा घोडेस्वार या चित्रकारांच्या गटाची चित्रं बघायला जगभरातून लोक तिथे येतात. कांदिन्स्कीच्या चित्रांपुढून बाबा न थांबता चालत गेले. मग फ्रान्त्स मार्कचं 'वाघ' आलं आणि ते उभेच राहिले.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तैलचित्र आहे, उंची मीटरभराहून थोडी जास्त. वाघ दबून बसलाय आणि काहीतरी चाहूल लागल्यासारखी मान वळवून बघतोय. अंग हळदीसारखं पिवळं, त्यावर काळे पट्टे, आणि सगळा देह कोयत्याने तासल्यासारखा कोनाकोनांचा. भोवतीचं रानही तसंच, तांबड्या, जांभळ्या, हिरव्या, निळ्या तुकड्यांचं. झाड कुठलं, दगड कुठला, काही कळत नाही.

आई म्हणाली, "असा कुठे वाघ असतो का?" बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असाच दिसते. आधी गवतच दिसते. मग गवताला डोळे आहेत हे समजते."

मला तेव्हापासून हा प्रश्न सोडत नाही. ज्या माणसाने शेकड्याने वाघ पाहिले त्याला हे चित्र खरं वाटलं, आणि आम्ही कॅलेंडरवरचे वाघ बघून वाढलेले, आम्हाला खोटं वाटलं. इथे चित्रं काढणारेही आहेत, जंगलात फिरणारेही आहेत. तुम्ही पाहिलेला वाघ (किंवा बिबट्या, गवा, कोल्हा, काहीही) तुम्हाला कुठल्या रंगात आठवतो? आणि असे मनचे रंग देणं म्हणजे प्राण्याशी खोटेपणा आहे, असं कुणाला वाटतं का? वाटत असेल तर जरूर लिहा.

सह्यवेडा
बाबांचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. त्यांना नमस्कार सांगा.

टेकडीवरचा
मला वाटतं खोटेपणा. स्पष्टच लिहितो, राग मानू नका. जंगलातला वाघ इतका देखणा आहे की त्याच्यात भर घालायची गरजच नाही. चित्रकाराने आधी तो नीट बघावा. असे त्रिकोण आणि चौकोन माझा सात वर्षांचा मुलगाही काढतो, आणि मी त्याचं कौतुकही करतो. पण त्याला वाघ म्हणत नाही.

कुंचला
@टेकडीवरचा, राग नाही, पण 'आधी नीट बघावा' हे मार्कला लागू पडत नाही. निदान त्याला तरी नाही.

हा माणूस म्युनिकचाच, जन्म १८८०चा. वडील निसर्गचित्रकार, स्वतः म्युनिकच्या अकादमीत शिकलेला. पुढे पोटापाण्यासाठी तो प्राण्यांच्या शरीररचनेचे वर्ग घ्यायचा. हाड कुठे, स्नायू कुठे ताणला जातो, हे दुसऱ्यांना शिकवण्याइतकं पक्कं होतं. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यासमोर बसून त्याने केलेली रेखाटनं आहेत. १९०८मध्ये त्याने ब्राँझचा छोटा पँथर घडवलाय, तो पाहिला तर शंका उरणार नाही. या वाघाचीही पाठ बघा. कोन कितीही असोत, दबलेल्या मांजराचं वजन पुढच्या खांद्यावर कसं येतं ते अचूक आहे. मुलाच्या त्रिकोणात आणि या त्रिकोणात एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

मी जे.जे.त असताना सर आम्हाला भायखळ्याच्या राणीच्या बागेत स्केचिंगला पाठवायचे. प्राणी हलतो, चित्र अर्धं राहतं, पुन्हा नवं सुरू करायचं. पन्नास कागद वाया गेल्यावर एक रेघ अशी येते की ती कानापासून शेपटीपर्यंत न अडता जाते. मार्कच्या वाघात ती रेघ आहे.

जर्सीकर
वाघ नाही पाहिला, पण याच मार्कची 'पिवळी गाय' न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये आहे, १९११ची. मोठ्ठी गाय चारी पाय झाडत उधळलीये, अंगावर निळे डाग. माझी मुलगी तिच्यासमोर खुदकन हसली आणि म्हणाली, "आई, हिला सुट्टी लागलीये!" ते चित्र त्याने लग्नाच्या सुमारास काढलं, म्हणून काही अभ्यासक ती गाय म्हणजे त्याची बायको मारिया असं मानतात. मारिया वहिनींना ते कळल्यावर घरात काय झालं असेल देव जाणे :)

गवळण
गाय पिवळी म्हणून अडखळायचं कारण काय? आमच्याकडे पोळ्याला बैलांची शिंगं हिंगुळाने लाल करतात, कुणी निळी करतात, अंगावर गेरूचे ठिपके उमटवतात. एका दिवसापुरता का होईना, बैल तसाच दिसायला हवा असतो. 'खरा बैल कसा दिसतो' हे आमच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? रोज त्याच्यामागे चालतो आम्ही.

टेकडीवरचा
@गवळण, मुद्दा चांगला आहे. पण ती पूजा आहे, सजावट आहे. चित्र वेगळं.

मोहफूल
पूजा आणि चित्र इतकी वेगळी नसतात हो. मी जव्हारकडची. आमच्याकडे गावाबाहेर वाघोबा आहे. लाकडाच्या फळीवर कोरलेला, वर चंद्र-सूर्य, आणि सगळ्या अंगाला शेंदूर. दरवर्षी वाघबारसला त्याला मान देतात, आमच्या गुराढोरांना आणि पोरांना सांभाळ म्हणतात. त्या वाघाला धड पंजे नाहीत, तोंड माणसासारखं वाटावं असं आहे. रंग म्हणाल तर नारिंगी भडक, संध्याकाळी लांबून दिसतो असा.

लहानपणी मला आजीने तिथे पहिल्यांदा नेलं तेव्हा मी तिच्या लुगड्यामागे लपले होते. पुढे मुंबईत प्राणिसंग्रहालयातला वाघ पाहिला, तो झोपला होता, माशा बसत होत्या अंगावर. त्याची भीती नाही वाटली, दया आली. मूळ धाग्यातल्या प्रश्नाचं माझं उत्तर: मला आठवणारा वाघ शेंदरी आहे.

वैनगंगा
@मोहफूल, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की ताडोबा हे नावच तारू देवावरून आलंय. तारू हा गावचा मुखिया, वाघाशी झुंजताना गेला अशी गोष्ट आहे, आणि त्याचं ठाणं तलावाच्या काठी झाडाखाली आहे. म्हणजे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून त्या जंगलाला वाघाशी झुंजलेल्या माणसाचं नाव आहे.

पाणवठा
मी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे रंगाबद्दल थोडं लिहितो. या धाग्यात ते चपखल बसतंय.

वाघ केशरी 'आहे', असं आपण म्हणतो ते आपल्या डोळ्यांपुरतं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. चितळ, सांबर यांच्या डोळ्यात दोनच. त्यांना केशरी आणि हिरवा वेगळा काढता येत नाही. म्हणजे ज्या चितळासाठी वाघ दबा धरून बसलाय, त्याच्या लेखी वाघ साधारण गवताच्याच रंगाचा. मग पट्टे उरतात, ते बांबूच्या सावल्यांत मिसळून जातात.

वाघ सरळ हिरवाच का झाला नाही? कारण सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग तयारच होत नाही. काळा, तपकिरी, पिवळसर ते तांबूस एवढंच त्यांच्या हाती असतं. पण शिकार दोनच शंकूंची असल्यामुळे केशरी भागून जातो.

आता चित्राकडे या. मार्कने १९११-१२च्या सुमाराच्या टिपणांत नेमका हाच प्रश्न विचारलाय: घोड्याला, गरुडाला, हरणाला, कुत्र्याला जग कसं दिसत असेल? आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या देखाव्यात प्राणी नेऊन ठेवायचा, ही रीत त्याला दरिद्री वाटायची. त्याला शंकुपेशींचं हे गणित माहीत असण्याचं कारण नाही. तरी त्याने वाघ आणि रान एकाच आकाराच्या तुकड्यांतून बांधलं. अंगाचा कोन कुठे संपतो आणि खडकाचा कुठे सुरू होतो हे शोधावं लागतं. बाबा जे 'आधी गवतच दिसते' म्हणाले, ते हेच. दबलेला वाघ म्हणजे अजून रानापासून सुटा न झालेला वाघ.

सह्यवेडा
बाप रे. वाचनखूण साठवली आहे.

कुंचला
@पाणवठा, जबरदस्त! 'रानापासून सुटा न झालेला' हे मी उद्या माझ्या मुलांना वर्गात सांगणार.

बर्लिनकर
थोडा तपशील आणि थोडी हरकत.

तपशील असा की मार्ककडे रंगांचं एक सूत्र होतं. डिसेंबर १९१०मध्ये त्याने आपला मित्र, चित्रकार आउगुस्ट माके, याला पत्रातून ते कळवलं. निळा हे पुरुषतत्त्व, कठोर आणि आध्यात्मिक. पिवळा हे स्त्रीतत्त्व, मृदू, आनंदी, इंद्रियांना सुखावणारं. तांबडा म्हणजे जड पदार्थ, हिंस्र आणि वजनदार, ज्याच्याशी बाकी दोघांनी झगडायचं. त्यामुळे त्याचे घोडे निळे.

हरकत अशी की हे सूत्र लावलं तर पिवळा वाघ म्हणजे मृदू आणि आनंदी! तो चेहरा मृदू आहे का? मला तर वाटतं सूत्र इथे फसलं.

कुंचला
सूत्र म्हणजे कुलपाची किल्ली नव्हे हो. रागात तीव्र मध्यम 'काय सांगतो' असं कुणी विचारलं तर गवई काय सांगेल? तो कुठून आला, पुढे कुठे गेला, त्यावर आहे. शेजारी जांभळा ठेवला की पिवळा पेट घेतो, कारण ते एकमेकांचे विरोधी रंग आहेत. हिरव्याशेजारी तोच पिवळा निवतो. या चित्रात दोन्ही आहे. म्हणून वाघ बसलेला असूनही स्थिर वाटत नाही.

आणि मार्क रंग डोळे मिटून ठरवत नव्हता. त्याचा रुस्सी नावाचा कुत्रा होता, पांढराशुभ्र, थोराड. त्याला बर्फात झोपलेला रंगवताना मार्कने लोलकातून बघून रंग ताडून पाहिले होते. 'बर्फात पहुडलेला कुत्रा' फ्रँकफर्टच्या श्टेडल संग्रहालयात आहे. जमलं तर बघा, पांढऱ्यात किती पिवळा आणि निळा असतो ते कळेल.

गवळण
माझ्या धाकट्याची गोष्ट. आठवीत असताना त्याने इंटरमिजिएटच्या तयारीत स्मरणचित्रात निळा घोडा काढला, टांगा ओढणारा. शिक्षकांनी लाल पेनने काट मारून शेरा लिहिला, 'रंग चुकीचा'. पोरगं त्यानंतर दोन वर्षं रंगपेटीला शिवलं नाही. मला तेव्हा मार्क माहीत असता तर वही घेऊन गेले असते भांडायला. आज त्याला हा धागा पाठवते आहे.

जर्सीकर
@गवळण, नक्की पाठवा. आणि त्याला सांगा की एका माणसाने निळे घोडे रंगवले आणि एका राजवटीला ते सोसवले नाहीत.

बर्लिनकर
ते खरंच सांगण्यासारखं आहे. 'निळ्या घोड्यांचा मनोरा', १९१३चं. बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहात होतं. नाझींनी १९३७मध्ये म्युनिकला 'अधःपतित कला' म्हणून थट्टेचं प्रदर्शन भरवलं, त्यात तेही टांगलं. तेव्हा जर्मन अधिकाऱ्यांच्या संघटनेने आक्षेप घेतला की मार्क पहिल्या महायुद्धात देशासाठी लढताना मेला, त्याची अशी विटंबना नको. चित्र उतरवलं गेलं आणि नाझी नेता गोरिंगच्या ताब्यात गेलं. १९४५पासून त्याचा पत्ता नाही.

पण मार्ककडे फक्त प्राण्यांचा कनवाळू संत म्हणूनही बघू नका. १९१४मध्ये तो स्वतःहून सैन्यात गेला आणि सुरुवातीला त्याला वाटत होतं की युद्धाच्या आगीत युरोप शुद्ध होऊन निघेल. हे मला फार सलतं. हरणाच्या डोळ्यांनी बघू पाहणाऱ्या माणसाला शेजारच्या देशातला माणूस दिसू नये?

वैनगंगा
मलाही सलतं, आणि तुम्ही ते लिहिलंत हे बरं केलंत. माके सप्टेंबर १९१४मध्येच मारला गेला, वय २७. मार्कने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. पुढे १९१५मध्ये त्याला आघाडीवर एक पोस्टकार्ड मिळालं, त्यावर त्याचंच १९१३चं 'प्राण्यांचं प्राक्तन' छापलेलं. कोसळणारी झाडं, मान वर ताणलेलं निळं हरीण, सगळं पेटलेलं. त्याने मारियाला कळवलं की ही तर या युद्धाची पूर्वसूचना आहे, मीच हे रंगवलंय यावर विश्वास बसत नाही. त्या कॅनव्हासच्या मागे त्याने लिहून ठेवलं होतं: 'आणि सगळं अस्तित्व म्हणजे धगधगतं दुःख'.

ते चित्र १९१६मध्ये गोदामाच्या आगीत खरोखर जळालं. उजवीकडचा भाग त्याचा मित्र पाउल क्ले याने १९१९मध्ये पुन्हा रंगवला, पण मूळच्या रंगांची बतावणी केली नाही. तो भाग आजही तपकिरी, विझल्यासारखा आहे. चित्र स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला आहे. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा त्या जोडाजवळच थांबले. मित्राची जागा मित्राने भरून काढली नाही, मोकळी दाखवली.

पाणवठा
युद्धातली आणखी एक गोष्ट मला कधीच विसरता येत नाही. १९१६च्या फेब्रुवारीत मार्कला तोफा झाकायच्या ताडपत्र्या रंगवायचं काम मिळालं होतं. विमानातून तोफा दिसू नयेत म्हणून. त्याने ठिपक्याठिपक्यांनी, एदुआर मानेपासून कांदिन्स्कीपर्यंतच्या शैली वापरून त्या रंगवल्या आणि घरी पत्रात कौतुकाने कळवलं. वाघाला रानात मिसळवणारा हात तोफेला रानात मिसळवत होता.

महिन्याभरात, ४ मार्च १९१६ला, फ्रान्समधल्या व्हर्दंजवळ घोड्यावरून टेहळणीला गेलेला असताना तोफगोळ्याच्या कपचीने तो गेला. वय ३६. नामवंत कलावंतांना आघाडीवरून परत बोलवायच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं.

सह्यवेडा
घोड्यावर असताना. हे वाचून पुढे काही लिहवत नाही.

टेकडीवरचा
दोन दिवस धागा वाचतोय, चित्रही मोठं करून मोबाईलवर पाहिलं. एक आठवण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात नागझिऱ्याला गेलो होतो. सागाची पानं गळून गेलेली, सगळं राखाडी. गाईड कुजबुजला, "समोर, समोर", आणि मला काही दिसेना. बायकोला दिसला, मुलाला दिसला, मला नाही. मी इतका चिडलो होतो! मग काहीतरी हललं. तेव्हा वाघ नाही दिसला मला, पिवळ्याचा एक तुकडा दिसला, मग काळी रेघ, मग दुसरा तुकडा. ते सगळं जुळून 'वाघ' व्हायला सेकंदभर गेला असेल. त्या सेकंदात मी श्वास घेतला नव्हता. घरी आल्यावर फोटो बघितले तर त्यात पूर्ण, नीट, कॅलेंडरचा वाघ होता. आठवणीत मात्र अजून तुकडेच आहेत.

खोटेपणा हा शब्द मागे घेतो. मुलाच्या त्रिकोणांकडेही जरा नीट बघणार आहे.

मोहफूल
@टेकडीवरचा, तो सेकंद तुम्ही फार छान लिहिलात.

कुंचला
+१. आणि तो सेकंद कॅमेऱ्याला टिपता येत नाही, म्हणून तर चित्र काढायचं.

अवांतर: म्युनिकला जाणाऱ्यांनी तिथून कोखेल गावालाही जावं. तलावाकाठी फ्रान्त्स मार्क संग्रहालय आहे, त्याची कबरही त्याच गावात आहे. जवळच्या झिंडेल्सडोर्फमध्ये तो राहायचा, आणि शेवटी रीडला घर घेतलं तिथे त्याने हरणं पाळली होती.

बर्लिनकर
वाघाच्या चेहऱ्याबद्दल मी वर लिहिलं त्यावर अजून अडून आहे. पिवळा मृदू, तर मग हा डोळा असा का?

वैनगंगा
@बर्लिनकर, याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण बाबांकडे निघालं. ते परवा चंद्रपूरला परतले. निघताना संग्रहालयातून घेतलेलं या चित्राचं पोस्टकार्ड त्यांनी आपल्या जुन्या डायरीत ठेवलं. काल फोनवर तुमचा पिवळ्या रंगाचा मुद्दा मी त्यांना सांगितला, स्त्रीतत्त्व वगैरे. ते म्हणाले, "त्यात काय? ही वाघीणच होय. नराची मान एवढी बारीक नसते, गालाला झालर असते. आणि अशी वळून कधी बघते माहीत आहे? मागे पिल्लं असली म्हणजे."

मग आईने फोन घेतला आणि सांगितलं की पोस्टकार्डाच्या मागे त्यांनी कधीच लिहून ठेवलंय, बीटाच्या रजिस्टरमध्ये लिहायचे तसंच. तिने वाचून दाखवलं: 'म्युनिक. पाऊस. सकाळी अकरा. मादी एक. पिल्लं दिसली नाहीत.'